फिलिपिनो रॉक ऐकायचंय? मग ‘सर्कस’पासून सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: “इंग्रजी रॉक बऱ्यापैकी ऐकलंय. तुम्ही फिलिपिनो बँडबरोबर बरीच वर्षं काम केलंय, तर नव्वदच्या दशकातले तिकडचे रॉक-अल्टरनेटिव्ह अल्बम सुचवा. तुमचे आवडते कोणते? टागालोग ही तिकडची भाषा येत नाही, कुठून सुरू करू?”

उत्तर शीर्षकातच आहे. इरेझरहेड्स या बँडचा ‘सर्कस’, १९९४. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

घाई नसेल तर माझं नातं आधी सांगतो, म्हणजे माझ्या आवडीनिवडी कुठून आल्या ते कळेल. मी साउंडवाला. पुण्या-मुंबईत ऑर्केस्ट्रांचे मिक्सर सांभाळले, मग २००३ ते २०१२ दुबईत एका हॉटेलच्या क्लबमध्ये नोकरी केली. तिथे आठवड्यातून सहा रात्री फिलिपिनो बँड वाजवायचा. पाच-सहा जण, पंचेचाळीस मिनिटांचा एक सेट, रात्रीचे चार सेट. गिऱ्हाइकाने चिठ्ठी पाठवली की कुठलंही गाणं, कुठल्याही गायकाच्या आवाजात, जसंच्या तसं. माझ्या हाताखालून गेलेली एक गायिका तर एकाच सेटमध्ये चार जगप्रसिद्ध गायिकांचे चार गळे काढायची, आणि डोळे मिटून ऐकलं तर फसायला व्हायचं. हिंदी गाणी ती रोमन अक्षरांत वहीत उतरवून घ्यायची आणि साउंडचेकच्या वेळी उच्चार माझ्याकडून घोटून घ्यायची. ‘ध’ आणि ‘द’ तिला शेवटपर्यंत वेगळे करता आले नाहीत. बदल्यात तिने मला टागालोग शिकवली. तिला मी ‘आते’ म्हणायचो. टागालोगमध्ये मोठ्या बहिणीला ‘आते’ म्हणतात. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, अरे आते म्हणजे बापाची बहीण.

तर ही मंडळी रात्रभर दुसऱ्यांची गाणी गायची आणि पहाटे तीनला केबल गुंडाळताना आपली. त्यात एक बासवाला होता, वयाने सगळ्यांत मोठा, म्हणून सगळ्यांचा ‘कूया’, म्हणजे दादा. त्याच्या बॅगेत कायम दोन-तीन घासलेल्या कॅसेट असायच्या. दुबईत तेव्हा कॅसेटप्लेअर मिळणं मुश्कील झालं होतं, पण आमच्या जुन्या साउंड-रॅकमध्ये एक डेक उरला होता. तो डेक मी काढून टाकू नये म्हणून कूयाने मला दोन वर्षं कॉफी पाजली आहे.

दुसऱ्यासारखं गाण्याची ही कला तिकडे कशी रुजली, याचं एक मोठं कारण अमेरिकन लष्करी तळ. क्लार्कचा हवाई तळ आणि सुबिकचा नौदल तळ. त्यांच्याभोवतीच्या आन्हेलेस आणि ओलोंगापो या गावांतले क्लब सैनिकांना घरची गाणी ऐकवण्यावर चालायचे. आपल्याकडे मुंबईच्या हॉटेलांतल्या गोव्याच्या वादकांचंही असंच. त्यांच्यातल्या ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटला ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत, आणि त्यात कौतुक जेवढं होतं तेवढीच गोची होती. १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला, क्लार्क राखेखाली गेलं, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात सुबिकही रिकामं झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी इरेझरहेड्सचा पहिला अल्बम आला. एकामुळे दुसरं झालं असा माझा दावा नाही. पण कूया नेहमी ही दोन्ही सालं एका दमात सांगायचा.

तिकडचे स्वतःची गाणी करणारे बँड पुढे आले त्याचं खरं, कायदेशीर कारण वेगळं आहे आणि ते फार कमी लोक सांगतात. १९८६ मध्ये लोक एड्सा या मनिलाच्या हमरस्त्यावर उतरले आणि हुकूमशहा मार्कोस यांची सत्ता गेली. पुढच्या जुलैत राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी एक आदेश काढला, क्रमांक २५५: संगीत लावणाऱ्या प्रत्येक रेडिओ स्टेशनने तासाला किमान चार मूळ फिलिपिनो गाणी वाजवलीच पाहिजेत. तासाला चार म्हणजे फार नाही. पण आधी रांगेत उभं राहायलाच जागा नव्हती, आता ती मिळाली. त्याच वर्षी मनिलात एनयू १०७ हे रॉकला वाहिलेलं स्टेशन सुरू झालं, ते २०१० च्या नोव्हेंबरात बंद पडेपर्यंत तिकडच्या पोरांचा आधार होतं. केसोन सिटीतला क्लब ड्रेड आणि सांतो तोमास विद्यापीठासमोरचं मेरिक्स, या दोन ठिकाणी हे सगळे बँड घडले.

आता ‘सर्कस’.

इरेझरहेड्स म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्सच्या दिलिमान कॅम्पसमधली चार पोरं: एली बुएन्दिया गायला आणि गिटारवर, मार्कस आदोरो गिटार, बडी झाबाला बास, रेमंड मारासिगान ड्रम्स. बँड १९८९ चा. आधी त्यांनी घरगुती कॅसेट काढली होती, नाव ‘पॉप-यू!’. कंपन्यांनी ‘हे पुरेसं पॉप नाही’ म्हणून परत पाठवल्याचा राग त्या नावात आहे. मग १९९३ ला बीएमजी या रेकॉर्ड कंपनीतर्फे ‘अल्ट्राइलेक्ट्रोमॅग्नेटिकपॉप!’ आला. नाव व्होल्टेस फाइव्ह या जपानी कार्टूनमधल्या हत्याराच्या आरोळीवरून. हे कार्टून मार्कोस सरकारने १९७९ मध्ये बंद पाडलं होतं, शेवटचे भाग राहिलेच. ज्या पोरांचं कार्टून अर्ध्यावर तुटलं तीच ही पिढी, त्यामुळे नुसत्या नावावर अर्धी लढाई जिंकली होती.

मग पहिल्यापासून का सुरू करायचं नाही? कारण माझ्या कानाला तो अल्बम आजही बारीक लागतो. ड्रम्स पत्र्याच्या डब्यासारखे, बास कुठेतरी मागे, आवाज पातळ. गाणी झकास आहेत. वाण्याच्या दुकानात व्हिनेगर आणायला गेलेला पोरगा खिडकीतल्या मुलीला पाहतो आणि त्याच्या हातून व्हिनेगर निसटतं, असलं गाणं कुणाला आवडणार नाही? ‘पारे को’ तर त्या पिढीचं राष्ट्रगीतच झालं. एक मित्र दुसऱ्याकडे रडगाणं गातोय, ‘यार, ती हो पण म्हणत नाही आणि नाही पण’, आणि मध्येच अस्सल शिवी देतो. रेडिओसाठी शिवी काढून वेगळी आवृत्ती करावी लागली. पण नवख्या कानाने हा अल्बम ऐकला की तो रेकॉर्डिंगवर अडखळतो, गाण्यापर्यंत पोचतच नाही. प्रेमात पडल्यावर इकडे या, मग तोच पत्र्याचा डबा गोड लागेल.

‘सर्कस’मध्ये रॉबिन रिव्हेरा हा निर्माता आला आणि बँडला जमीन मिळाली. हा माणूस त्याच विद्यापीठात शिकवणारा. पोरांना गुळगुळीत करायचं नाही एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं. एलीचा आवाज काही मोठा नाही, थोडा नाकातला, थोडा आळसावलेला. दुबईतल्या ऑडिशनला तो उभा राहिला असता तर पहिल्या कडव्यात परत पाठवला असता. नेमकी हीच गोष्ट आतेला आणि कूयाला रडवायची. आयुष्यभर मोठमोठ्या गळ्यांच्या नकला केलेल्या माणसांना कुणीतरी आपल्यासारखं बोलल्यासारखं गातोय, हे ऐकून काय होत असेल ते मी रोज पहाटे पाहिलंय.

टागालोग येत नसलेल्या माणसासाठी ‘सर्कस’मध्ये एक सोय आहे: ‘विथ अ स्माइल’ हे इंग्रजी गाणं. तिथून आत शिरा. मग ‘मागासिन’ ऐका, हातून निसटलेली मुलगी मासिकात दिसते त्याची गोष्ट. मग ‘सेमब्रेक’, सत्राच्या सुट्टीत मैत्रिणीला लिहिलेलं पत्र. मग ‘मिन्सान’. ‘मिन्सान’ म्हणजे ‘एकदा’, ‘कधीतरी’. त्यात कालायाआन हे विद्यापीठातल्या वसतिगृहाचं नाव येतं, आणि वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही भाषांतराशिवाय ते गाणं कळतं, असं माझं मत आहे. ‘आलापाआप’ म्हणजे ढगांचा प्रदेश. १९९५ मध्ये सिनेटर तितो सोत्तो यांना त्यात अंमली पदार्थांचा प्रचार दिसला आणि गाण्यावर बंदी घाला म्हणून सिनेटपर्यंत प्रकरण गेलं. ‘येतोस का सोबत?’ एवढंच ते गाणं विचारतं. ज्याला जिकडे जायचं असेल तिकडे जावं.

पुढचा ‘कटरपिलो’, १९९५. रेकॉर्डिंगच्या दृष्टीने त्यांचा सर्वांत भरीव अल्बम हाच. गिटारला वजन आलंय, किक ड्रम छातीत लागतो. फ्रान्सिस मागालोना या रॅपरला घेऊन केलेलं ‘सुपरप्रॉक्सी’ आजही क्लबमध्ये लावलं तर पाय हलतात. पण या अल्बमवर एक गाणं बाकी सगळ्यावर सावली टाकून बसलंय, ‘आंग हुलिंग एल बिंबो’, म्हणजे ‘शेवटचा एल बिंबो’. त्याच्यापाशी जरा थांबू.

एल बिंबो हे सत्तरच्या दशकातलं नाचाचं गाणं, फ्रान्समधून निघून मनिलाच्या अंगणांत पोचलेलं. निवेदक लहानपण आठवतो. पहिलाच शब्द आहे ‘कामुखा’. ‘मुखा’ म्हणजे चेहरा, आणि हो, ते आपलंच ‘मुख’ आहे. मलाय जगातून शतकांपूर्वी तिकडे गेलेलं. ‘का-मुखा’ म्हणजे सारख्या तोंडवळ्याची. ‘लहानपणी तू पारालुमानसारखी दिसायचीस’, पारालुमान म्हणजे त्यांची जुन्या काळातली सौंदर्यवती नटी. ती मुलगी नाच शिकवते, हा तिच्या घरी जातो, हात हातात येतो, आणि सगळं इतकं हलकंफुलकं चाललेलं असतं की पुढचं ऐकायला मन तयारच नसतं. वर्षं जातात. कळतं की तिला मूल आहे, नवरा नाही, एर्मिता भागात कुठेतरी भांडी घासते. आणि मग एका रात्री, अंधाऱ्या गल्लीत, ती गाडीखाली येते. हे सगळं तो त्याच आळसावलेल्या आवाजात सांगतो. स्वर एकदाही चढवत नाही. आणि मग पुन्हा ‘हात हातात’चं धृपद येतं, तेच शब्द, तीच चाल. पहिल्यांदा गोड वाटलेली ओळ आता गिळता येत नाही.

त्यानंतर शब्द संपतात आणि गाणं चालूच राहतं. सगळं मिळून साडेसात मिनिटं. साउंडवाल्याच्या नजरेने सांगतो, तो लांबलेला शेवट कापायचा मोह कुठल्याही कंपनीला झाला असता. न कापणाऱ्याला माझा दंडवत. १९९७ मध्ये या गाण्याच्या व्हिडिओला न्यूयॉर्कच्या एमटीव्ही सोहळ्यात आशियाच्या प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला, ऑरेयस सोलितो दिग्दर्शक. क्लबमध्ये गिऱ्हाईक उठून गेल्यावर आमचा बँड कधीकधी हे पूर्ण वाजवायचा. सफाईवाले, किचनचे, सिक्युरिटीचे सगळे फिलिपिनो दाराशी येऊन उभे. माझा हात सवयीने फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, खाली आणायला गेला की कूया बास वाजवता वाजवता मान हलवायचा: थांब.

इरेझरहेड्सचे पुढचे अल्बम, ‘स्टिकर हॅपी’ (१९९७) आणि ‘नातिन ९९’ (१९९९), चांगले आहेत, प्रयोग जास्त आहेत. नाताळसाठी केलेला इंग्रजी ‘फ्रूटकेक’ (१९९६) मला कधी पचला नाही. नावच तसं आहे म्हणा.

आता ज्या अल्बमसाठी मी भांडायला तयार आहे तो: ‘यानो’, बँडचंही नाव तेच, १९९४. दोंग आबाय गायक, एरिक गान्सियो गिटार, ओनी बादियांग बास. तीन कॉर्ड, थोडा पंक, थोडा लोकगीताचा ठेका आणि जिभेला धार. इरेझरहेड्स वर्गातल्या मागच्या बाकावरून बोलतात, यानो रस्त्यावरून. ‘बानाल ना आसो, सान्तोंग काबायो’, म्हणजे ‘पवित्र कुत्रा, संत घोडा’. जीपनीत, म्हणजे तिकडच्या वडाप जीपमध्ये, समोर एक बाई बसली आहे, डोळे मिटून जपमाळ ओढते आहे. मठाजवळ गाडी थांबव म्हणते. ड्रायव्हर म्हणतो, थांब्यावरच उतरा, पोलीस पकडतात. आणि बाईंच्या तोंडून शिव्यांची लाखोली. आपल्याकडे याला वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात. दोंग आबाय ते न सांगता नुसता ‘हिहिहिही’ हसतो, धृपदातच. असं हसणं रेकॉर्ड करायला हिंमत लागते.

‘एसेम’ म्हणजे एस.एम., तिकडच्या मॉलची प्रचंड साखळी. गाण्यातला माणूस मॉलमध्ये हिंडतो, बघतो, बघतच राहतो, विकत काही घेता येत नाही, सिनेमाचं तिकीटही परवडत नाही. बस, एवढंच. हे गाणं मी दुबईत ऐकलं हे लक्षात घ्या. शुक्रवारी सुट्टीला आम्ही सगळे काय करायचो? एसी आहे म्हणून मॉलमध्ये जायचो आणि बघायचो. ‘कुमुस्ता ना?’ म्हणजे ‘काय, कसं चाललंय?’ स्पॅनिशमधून आलेला रोजचा नमस्कार. विचारलं आहे ते एड्सावर हाताची साखळी करून उभ्या राहिलेल्या गरिबाला: क्रांती झाली, पुढे काय? राजकीय गाणं इतक्या साध्या नमस्कारातून सुरू होऊ शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

रिव्हरमायाकडे जाताना कान बदलावे लागतात. हा घडवलेला, देखणा बँड. बांबू मान्यालाक गायक, रिको ब्लांको कीबोर्डवर आणि बहुतेक गाण्यांचा कर्ता. १९९४ च्या पहिल्या अल्बममध्ये ‘उलान’ (पाऊस) आणि ‘२१४’ आहेत. माझी शिफारस १९९६ चा ‘ट्रिप’. बांबूचा गळा खरा मोठा, आणि तो ‘हिमाला’मध्ये जपून वापरलाय. हिमाला म्हणजे चमत्कार, हिमालयाशी संबंध नाही. ‘आभाळाकडे एक चमत्कार मागितला, हे पाप झालं का?’ असं धृपद आहे. आधी ‘पाग-आसा’ शब्द येतो, त्यातली ‘आसा’ म्हणजे आपली आशा. आतेला हे सांगितलं तेव्हा तिने वहीत लिहून घेतलं. १९९७ च्या ‘अ‍ॅटॉमिक बॉम्ब’मधलं ‘हिनाहानाप-हानाप किता’ सोपं आणि गोड आहे. पुढच्या वर्षी बांबू बाहेर पडला.

पारोक्या नी एडगर या बँडबद्दल दोन मतं आहेत. कूयाला ते थिल्लर वाटायचे. बायकांचे घरगुती गाऊन घालून स्टेजवर येणारी पोरं, १९९६ च्या अल्बमचं नाव ‘खांगखुंगखेर्निट्झ’. पण त्यांच्या १९९७ च्या अल्बममध्ये (नाव मी लिहीत नाही, ते तीन वेळा लिहून तीन वेळा चुकलो) ‘हाराना’ आहे. हाराना म्हणजे मुलीच्या खिडकीखाली उभं राहून गाण्याची जुनी रीत. गाणं सुरुवातीलाच विचारतं, ‘हाराना अजून चालते का हो? आणि हा कोण येडा गातोय?’ थट्टा करता करता ते खरंच हाराना होऊन जातं. यावर कूया गप्प बसायचा.

बाकीचे पटकन. कलर इट रेडचा ‘हँड पेंटेड स्काय’ (१९९४), फक्त कूकी चुआच्या आवाजासाठी आणि ‘पाग्लिसान’ या एका गाण्यासाठीसुद्धा घ्यावा. फ्रान्सिस मागालोनाचा ‘फ्रीमॅन’ (१९९५), रॅप आणि रॉकची गाठ. हा माणूस २००९ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला, तेव्हा आमच्या क्लबमध्ये फिलिपिनो कुणी नीट कामच केलं नाही. वुल्फगँग आणि रेझरबॅक हे जड गिटारवाले. मेटल ऐकत असाल तर जरूर, मला त्यात अमेरिका जास्त ऐकू येते. आणि ‘टागालोगमध्ये रॉक या पोरांनीच आणलं’ असं कुणी म्हणालं तर मानू नका. हुआन दे ला क्रूझ बँडने १९७३ मध्येच ‘हिमिग नातिन’ केलं होतं. हिमिग नातिन म्हणजे ‘आपली चाल’.

ऐकण्याबद्दल दोन सूचना. हे अल्बम बहुतेकांनी कॅसेटवर, साध्या डबलडेकवर ऐकले. त्यामुळे महागडा हेडफोन लावून उणिवा शोधत बसू नका, खोलीत स्पीकरवर लावा आणि कामं करत राहा. दुसरं, शब्द रोमनमध्ये समोर ठेवा. टागालोग बरीचशी जशी लिहिली तशीच वाचली जाते, पण ‘एन’ आणि ‘जी’ जोडून एकटे दिसले की ‘नांग’ म्हणायचं. दोन-तीन गाण्यांत ओळखीचे शब्द सापडायला लागतात: गुरो म्हणजे शिक्षक, दुखा म्हणजे गरीब, सापातोस म्हणजे बूट. या शेवटच्याचा भाऊ आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, आजी ज्याला सपाता म्हणायची तो.

मी दुबई सोडली तेव्हा कूयाने ‘यानो’ची कॅसेट मला दिली आणि ‘कटरपिलो’ स्वतःकडे ठेवली. डेकही मीच घेऊन आलो, मॅनेजरला विचारून. त्याचं डावं चॅनल अधूनमधून जातं, आणि ‘एसेम’ला नेमकं जातं.